महाड दाखवायचं राहिलं

माझं तोंड लहानपणापासून फटकळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई म्हणायची. लग्नानंतर नवराही तेच म्हणू लागला, तेव्हा त्यात खोटं काही नसणार. ज्याचं त्याला तोंडावर ऐकवायची माझी सवय. जन्मात एकच गोष्ट मी पोटात ठेवली, आणि नेमकी तीच ठेवायला नको होती.

माझं माहेर महाडचं. वडील तिथल्या एका शाळेत शिपाई होते, म्हणून मराठी चार इयत्तांपर्यंत शाळेत बसायला मिळालं. लग्न होऊन गेले ती पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पलीकडे, डोंगरातल्या पंधरा उंबऱ्यांच्या वाडीत. नाचणी, वरी, म्हशी, आणि घरटी एक माणूस मुंबईला. सासूसासरे आधीच गेले होते. घरात आम्ही तिघं, मी, माझा नवरा आणि माझी थोरली जाऊ. थोरले दीर मुंबईला गिरणीत होते. वर्षातून एकदा, शिमग्याला, पंधरा दिवस यायचे.

जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. आमचं तसं झालं नाही, ते तिच्यामुळे. माझ्या तोंडाला दुसरी कुणी टिकली नसती. मी घागर घेऊन डोंगराच्या वाटेवर घसरले की ती आधी पोटभर हसायची आणि मग हात द्यायची. मला ‘महाडची राणी’ म्हणायची. तिचं हसणं मोठं होतं, पदर तोंडाशी नेला तरी पलीकडच्या वाडीत ऐकू जाई. मूलबाळ नव्हतं. सगळा जीव नवऱ्यात आणि म्हशींत.

तिने महाड पाहिलं नव्हतं. एका दिवसाची उतरण, पण पाहिलं नव्हतं. मीठ आणायला पुरुष जात. माघात महाडला छबिना भरतो, गावोगावच्या देवांच्या काठ्या तिथे नाचायला येतात, आमच्या वाडीच्या देवीचीही जाई. दीर दरवर्षी म्हणत, पुढच्या साली रजा काढतो आणि तुला छबिन्याला नेतो. रजा मिळायची ती शिमग्याची. अशी पाच-सहा वर्षं गेली. शेवटी सन तीसच्या पुढच्या एका साली मीच नवऱ्याच्या मागे लागले, की ह्या खेपेला मी नेते हिला, माहेर माझं आहे, रस्ते मला ठाऊक. तो म्हणाला, बायका काठीबरोबर जात नाहीत. मी म्हटलं, काठीबरोबर नाही, काठीच्या मागनं येतो. गेलो.

वाटेत एका गावात मुक्काम करून सकाळी उन्हं वर येताना महाडात शिरलो. पुरुषमंडळी काठी घेऊन देवळाकडे गेली. मी जावेला एका पिंपळाच्या पारावर बसवलं आणि मिठाचं सांगून यावं म्हणून आमच्या दुकानदाराकडे गेले. वाडीची पत्रं त्याच्याच पत्त्यावर यायची. डाक डोंगरावर कोण चढवणार?

दुकानदार मला लहानपणापासून ओळखत होता. त्याने गल्ल्याखालून एक कार्ड काढलं आणि माझ्याकडे न बघता पुढे केलं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. वर ‘श्री’ नव्हतं. आमच्याकडे मरणाची खबर अशीच यायची, म्हणजे न वाचणाऱ्यालाही हात लावताच कळावं. असलं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. दुकानदार म्हणाला, “काल संध्याकाळी आलं. पुरुषमाणसाच्या हाती देणार होतो. तू आलीस, तर तूच सांग पोरी.”

कार्ड माझ्या नवऱ्याच्या नावाचं होतं. चार ओळी होत्या. आजही डोळे मिटले की अक्षर दिसतं. “आपले थोरले बंधू यांस आठ दिवस ताप येऊन मंगळवारी दुपारी देवाज्ञा झाली. गावच्या मंडळींनी सर्व रीतीप्रमाणे केले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. बायकोस महाड दाखवायचे राहिले, असे दोनदा म्हणाले.”

मी दुकानाच्या पायरीवर बसले. पाराकडे पाहिलं तर ती तिथे पाय हलवत बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत, तोंडाला पदर लावून. कुणाच्या तरी पगडीला हसत असावी.

तेव्हा मी काय विचार केला ते खरं खरं सांगते, उगाच मोठेपणा घेत नाही. पहिला विचार काठीचा आला. आमची सगळी वाडी एका भावकीची. मी तोंड उघडलं की सगळ्यांना सुतक, आणि देवीची काठी महाडात नाचवल्याशिवाय आडवी करून परत न्यायची. सुतक ऐकल्यावर लागतं, ऐकलं नाही तोवर नाही, असा शास्त्राचा नियम म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकला होता. म्हणजे वाडीत त्या घटकेला सुतक लागलं होतं ते मला एकटीला. दुसरा विचार तिचा. माणूस तिकडे दोनदा म्हणून गेला की हिला महाड दाखवायचं राहिलं, आणि ही इथे महाडच्या पारावर बसलीय. एक दिवस. उद्या सकाळी सांगेन. एका दिवसाने कुणाचं काय जातंय? असं मी ठरवलं, आणि कार्ड चोळीत खोचलं.

पण सुतक लागलेल्या बाईने दुसऱ्यांना शिवायचं कसं, देवळात जायचं कसं? मग मी जी थाप मारली ती बायकाच मारू शकतात. पाराजवळ जाऊन चार हात लांब उभी राहिले आणि म्हटलं, “बाय, कावळा शिवला गो मला. मी लांबनं चालते, तू पुढं हो.”

“आजच मुहूर्त सापडला काय तुला?” ती म्हणाली. “चल, लांबनं तर लांबनं. वाट तरी दावशील नाय.”

आधी बंदरावर गेलो. भरती होती, म्हणून सावित्रीत मचवे आत आले होते, मीठ आणि सुकी मासळी उतरत होती. समुद्र तिथून लांब, पण पाणी खारट होतं. ते तिने चाखून पाहिलं आणि थुंकली. मग एका मचव्याकडे बोट दाखवून विचारलं, “ही मुंबईला जाते?”

“बाणकोटापर्यंत. तिथनं आगबोट.”

“म्हंजे ते ह्यातनंच जातात.” ती चिखलात उतरली, लुगडं वर खोचून मचव्यापर्यंत गेली आणि लाकडाला हात लावून आली. खलाशी हसले. ती त्यांच्याहून मोठ्याने हसली. “एवढा हात लावून घेतला,” मला म्हणाली, “शिमग्याला आले की सांगीन, तुमची बोट बघून आले.”

मी नदीकडे तोंड केलं. डोळ्यांत चिखल उडाला म्हणून सांगितलं.

पुढे नदीकाठाला वडिलांच्या ओळखीच्या माणसाचं आगर होतं. नारळ, पोफळी, केळी, आणि मधोमध विहिरीवर रहाट. डोंगरावरच्या बाईला पाणी म्हणजे दीड कोसावरचा झरा आणि डोक्यावरची घागर. इथे म्हैस गोल फिरतेय आणि मातीच्या लोट्यांतून पाणी आपोआप वर येतंय, हे बघून ती विहिरीच्या कडेला मटकन बसलीच. म्हशीच्या डोळ्यांवर फडकं होतं. “हिला का गो बांधलंय?” तिने विचारलं. आगरवाला म्हणाला, “दिसलं तर चक्कर येईल तिला. दिसत नाही तोवर तिला वाटतं आपण कुठंतरी चाललोय.”

“बरं हाय मग,” जाऊ म्हणाली. “नाय दिसत तेच बरं.”

ती सहज बोलली. मला मात्र चोळीतलं कार्ड टोचायला लागलं.

आगरवाल्याने तिला शहाळं दिलं. अर्धं पिऊन तिने ते माझ्यासाठी जमिनीवर ठेवलं, मी शिवू नये म्हणून लांब सरकली, आणि मी प्याले. निघताना त्याने एक सुका नारळ ओटीत घातला. सवाष्णीची ओटी भरायची रीत आहे, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तिने तो नीट बांधून घेतला, शिमग्याला नवऱ्याला पुरणपोळीबरोबर नारळाचं दूध करायचं म्हणाली.

देवळाच्या वाटेवर गर्दी दाटत चालली होती. ती भांबावली. विटाळाचं भान न राहता मागे वळून हात पुढे केला, “धर गो, मी हरवीन.”

मी धरला नाही. कसा धरणार? “चल पुढं,” म्हटलं, “हरवायला तू काय वासरू आहेस?” माझं नेहमीचं तोंड. तिने हात मागे घेतला आणि पदर आवळून चालायला लागली. ते तिचं पाठमोरं चालणं मला अजून दिसतं.

तिथे एक खेळवाला बसला होता, पत्र्याची पेटी घेऊन. पेटीला काचेची भोकं, त्यातून डोळा लावून आत चित्रं बघायची, आणि तो हिंदीत गात सांगायचा की ही मुंबई, हा राणीचा बाग, हे बंदर. जाऊ ‘मुंबई’ शब्दाला थबकली. तिने वाकून डोळा लावला. चित्रं संपली तरी डोळा काढेना.

“तेंची गिरण हाय काय यात?” तिने विचारलं.

खेळवाला म्हणाला, “सब है बाई, पूरा बंबई है.”

तिने पुन्हा सगळा खेळ पाहिला. मग उभी राहिली, डोळा चोळला आणि मला म्हणाली, “लई गर्दी हाय गो मुंबईला. एवढ्यात एक माणूस कसा सापडायचा?” ह्या वेळी ती हसली नाही. मला वाटलं आता सांगून टाकावं. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात पलीकडून कासाराने हाक मारली, आणि ती बांगड्यांकडे वळली. तो क्षण गेला. असे क्षण परत येत नाहीत, हे म्हणायला सोपं आहे. खरं सांगायचं तर मी सुटले म्हणून मला बरं वाटलं.

कासाराने तिचा हात हातात घेतला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवायला लागला. राबलेले हात ते, बोटं राठ, बांगडी जाता जाईना. ती ओरडत होती आणि हसत होती. कासारही विनोदी होता, म्हणाला, “बाई, नवऱ्याने धरला तर मोडणार नाही असा हात आहे.” आजूबाजूच्या बायका हसल्या. आमच्या पोलादपूरकडच्या दोघीतिघी त्यांत होत्या, पुढे हे फार महाग पडलं. एक बांगडी दाबताना तडकली. कासार लगेच म्हणाला, “वाढली, वाढली.” बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मी बाहेर रस्त्यात उभी होते. एका माणसाने मला विचारलं, बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का. मी त्याला काय बोलले आठवत नाही, चांगलं नक्कीच बोलले नसणार.

दोन्ही हात उंचावून ती बाहेर आली. “कशी दिसतात?”

“हातच्या काकणाला आरसा कशाला,” मी म्हटलं.

दुपार कलल्यावर काठ्या नाचल्या. पाच पुरुष उंचीचा बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर देवीचं निशाण. एकट्या माणसाने ती तळहातावर, कमरेवर तोलायची, पडू द्यायची नाही. खाली ढोल आणि सनई. आमच्या काठीला माझा नवरा लागला. भाऊ जाऊन तीन दिवस झालेले आणि हा काठी तोलतोय, मान वर, घाम डोळ्यांत, चेहऱ्यावर असा आनंद की मी तो त्याच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही. जाऊ पुढे उभी राहून टाळ्या पिटत होती. मी लांब तळ्याच्या काठी बसले होते. सगळ्या जत्रेत सुतकात मी एकटी, आणि रडायचीही चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

रात्रीचा छबिना, देवाच्या पालखीची मिरवणूक, मी पाहिलाच नाही. अंधार पडायच्या आधी नदीवर जाऊन कार्डाचे तुकडे केले आणि पाण्यात सोडले. तसं कार्ड ठेवू नये, ही रीतच आहे. पण खोटं कशाला बोलू, रीत म्हणून नाही, भीतीने. कार्ड कधी हाती आलं हे कुणी विचारू नये म्हणून.

सकाळी निघताना मी नवऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. कार्डाचं नाव काढलं नाही. म्हटलं, आत्ता मीठ घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने तोंडी निरोप सांगितला, मुंबईहून आलेल्या माणसाचा. नवरा खाली बसला. मग भावकीला कळलं. मग तिला. ते मी लिहीत नाही. वाटेवरच्या एका दगडावर तिच्या बांगड्या वाढवल्या. आदल्या दिवशीच्याच होत्या, हाताला अजून नीट बसल्याही नव्हत्या. तिने विचारलं ते एकच, “मरताना काय म्हणाले काय?” मी म्हटलं, “निरोप्या एवढंच बोलला, बाय.”

इथपर्यंतचं मला कुणी माफ करील कदाचित. पुढचं नाही.

दीर मेले कधी, हे पुढे मुंबईहून आलेल्या माणसांनी सांगितलं. दिवस मोजायला बायकांना वेळ लागत नाही. नवरा चितेवर चढून तीन दिवस, आणि ही महाडात काकणं भरत होती, दात काढत होती. ज्यांनी तिला कासारापुढे हसताना पाहिलं होतं त्यांनी ते पोलादपूरभर केलं. त्या पावसाळ्यात गुरांना रोग आला. तेव्हा कुणी म्हणालं, काठी बाटली ती हिच्या हसण्याने. मी तिथे उभी होते. सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी मी, माझी जीभ टाळूला चिकटली. बाटवली असेल तर मी बाटवली, ती बिचारी काय जाणत होती? पण झाकली मूठ मी झाकलीच ठेवली.

ती पुन्हा तसं हसली नाही. पदर तोंडाशी न्यायचीही गरज उरली नाही. सुका नारळ कोनाड्यात पडून खवट झाला, तो तिने फोडला नाही की फेकला नाही. सुगीला, लावणीला, म्हशीला चारा घालताना, कधीही, ती एकच गोष्ट मला विचारायची. “माजा जीव एवढा तेंच्यात होता, मग त्या दिवशी जिवाला कसं कळलं नाय गो? मी हसले कशी?” मी म्हणायची, कुणाला कळतं, बाय, जाऊ दे. आणि कार्डातली चौथी ओळ माझ्या घशाशी येऊन परत खाली जायची. ती सांगायची तर कार्ड सांगायला हवं होतं. कार्ड सांगायचं तर तो सबंध दिवस.

तीस वर्षं. माझा नवराही गेला. घरात सून आली, नातवंडं झाली. जाऊ अंथरुणाला लागली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिने तोंड मिटून घेतलं आणि नेहमीचं विचारलं, “जिवाला कसं कळलं नाय गो?”

मी वाटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. पायरी, कोपरा, चोळीतलं कार्ड, कावळा शिवल्याची थाप. कार्ड तोंडपाठ होतं, ते म्हटलं. शेवटची ओळही म्हटली.

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि देवा शपथ, मला त्या हव्या होत्या.

“त्या गर्दीत हात नाय धरलास, वर डाफरलीस,” ती म्हणाली, “मला वाटलं, माजं काय चुकलं.” मग, “पुन्यांदा म्हण कार्ड.”

मी म्हटलं.

“दोनदा म्हणाले?”

“दोनदा.”

“म्हंजे मी हसले ती चूक नाय.” तिने डोळे मिटले. हे एवढं वाक्य तिला हवं होतं, आणि ते माझ्याजवळ तीस वर्षं होतं.

त्यानंतर ती महिनाभर जगली. तिला बघायला वाडीतल्या, पोलादपूरच्या बायका यायच्या, त्यांत जुन्या तोंडाळ म्हाताऱ्याही असायच्या. प्रत्येकीपुढे ती मला हाक मारायची, “ये गो, हिला कार्ड म्हणून दाव.” मी यायची, उभी राहायची आणि पायरीपासून सगळं सांगायची, माझं खोटं धरून. बायका माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायच्या. ती डोळे मिटून ऐकायची. महाड दाखवायचं राहिलं, इथं मी आले की दरवेळी तिचे ओठ हलायचे, आमच्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखे.

“नाय राहिलं,” ती म्हणायची. “बघितलं मी.”